लाल चिठ्ठी लावलेलं चित्र

उमरगा,
९ जून २०२४

विजू, लेकरा,

तुझं पत्र आलं चार ओळींचं. दोन ओळी मोशीतल्या उन्हावर आणि दोन माझ्या गुडघ्यांवर. कान गेल्यापासून मला फोनवरचं काही समजत नाही म्हणून तर आपण दोघींनी पत्रांचा हा उद्योग पुन्हा चालू केला. मग पत्रात तरी पोटभर लिहावं की नाही? निरंजनरावांच्या शिफ्टबद्दल लिहितेस, घरमालकीण शालनबाईंच्या भाकरीबद्दल लिहितेस आणि स्वतःच्या कंपनीबद्दल मात्र अवाक्षर नाही.

मला ते हवंय, कारण काम निघालंय. शेजारच्या अंबूबाईची नात तनुजा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. पोरीला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचाय. घरचे म्हणतात, पोरीच्या जातीला लोखंडाशी काय करायचंय? मी अंबूबाईला घरी बोलावलं, चहा पाजला आणि सांगितलं, "माझी भाची चाकणला कंपनीत आहे. गाडीचे पार्ट तपासते. तिची सही झाल्याशिवाय एक पार्ट गेटबाहेर जात नाही." अंबूबाईने ते मला दोनदा सांगायला लावलं. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे?

तर तनुजासाठी तुझ्या कामाची सगळी हकिकत लिहून पाठव. सकाळी गेटात शिरल्यापासून काय काय करतेस ते लिही. मी तिच्या वडिलांना मोठ्यांदा वाचून दाखवणार आहे.

तुझी आत्या

---

मोशी,
२१ जून २०२४

आत्या,

तुझं पत्र आठ दिवस डब्यांच्या मागे ठेवलं होतं. रोज काढायची, वाचायची, परत ठेवायची. आज खरं लिहायला बसले आहे.

मी नोव्हेंबरपासून कंपनीत नाही. ज्या गाडीचे पार्ट आम्ही तपासायचो ते मॉडेलच बंद झालं आणि आमची लाइनही. कायम होते त्यांना दुसऱ्या लाइनवर घेतलं. कंत्राटावरच्या आम्हा सतरा जणांना ओळखपत्र गेटवर जमा करायला सांगितलं. नंतर आठ-दहा ठिकाणी जाऊन आले. कुठे वय आडवं आलं, कुठे "लग्न झालंय, म्हणजे उद्या सुट्ट्या लागणार" असं तोंडावर ऐकलं. तुला सांगायचं धाडस झालं नाही. डिप्लोमासाठी बाबांशी भांडली होतीस ती तूच ना.

पण घरात हात बांधून बसलेली नाही. काय करते ते नीट सांगते. आम्ही या वन आरकेत, म्हणजे एका खोलीच्या घरात, आलो तेव्हा ओट्याखाली ठेवायला मी चाकांची एक ट्रॉली मागवली. आली ती अर्ध्या इंचाने मोठी. दिवसभर पार्ट मोजणारी मी, स्वतःच्या घरची जागा मोजली नव्हती! मग मापात बसणारी दुसरी शोधली, जागेवर ठेवून फोटो काढला, फोटोवरच रुंदी, उंची, खोली लिहिली आणि पिंटरेस्टवर लावला.

पिंटरेस्ट म्हणजे फोनवरचा चित्रांचा मोठा साठा. तिथे लोक गप्पा मारायला येत नाहीत, शोधायला येतात. "लहान स्वयंपाकघर" असं लिहिलं की तशी चित्रं समोर येतात. आवडलं ते चित्र आपल्या नावाच्या फळ्यावर टाचून ठेवता येतं. चित्रावर बोट ठेवलं की माझं पान उघडतं, तिथून दुकानाची लिंक. त्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली तर दुकान मला थोडं कमिशन देतं. घेणाऱ्याला जास्त काही पडत नाही. याला अफिलिएट म्हणतात. माझ्या फळ्याचं नाव "मोजून-मापून".

तनुजाला सांग, डिप्लोमा जरूर कर. माझी नोकरी गेली, शिकलेलं गेलं नाही.

रागावशील हे माहीत आहे. पण पत्र लिही.

विजू

---

उमरगा,
२ जुलै २०२४

विजयश्री,

नोकरी जाण्यात तुझा दोष नाही. ते मी मनाला लावून घेतलं नाही. पण सात महिने मी इथे दहाजणांना तुझं कौतुक सांगत होते आणि तू तिकडे ते वाचून गप्प होतीस, हे मात्र लागलं.

आणि आता जे करतेस म्हणतेस त्याला आमच्याकडे दलाली म्हणतात. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा करणारे असतात. बैल लंगडा निघाला तरी त्यांचं काही जात नाही. यासाठी तुला शिकवलं नव्हतं.

अंबूबाईला अजून काही सांगितलेलं नाही. काय सांगावं ते सुचत नाही.

मंजुळा आत्या

---

मोशी,
१० जुलै २०२४

आत्या,

तुझ्या पत्राखाली "मंजुळा आत्या" अशी सही आहे. एवढी परकी सही तू मला कधी केली नव्हतीस. वाद घालत नाही. फक्त बैल मी कसा बघते, तेवढं सांगते.

सोबत चार चित्रं छापून पाठवते आहे. त्यातलं एक भिंतीवर लावायच्या लोखंडी रॅकचं आहे. कंपनीने लिहिलंय, पंधरा किलो वजन पेलतो. रॅक घरी आला त्या दिवशी निरंजनने भिंतीला भोकं पाडून बसवला आणि मी त्यावर पिण्याच्या पाण्याचा भरलेला जार टांगला. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो. तेवढ्यात शालनबाई वर आल्या. इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या आहेत, त्यांची मालकी पूर्ण बिल्डिंगवर चालते.

"आगं, ह्ये काय भितीला लटकवलंस? भित पडंल माजी!"

"भिंत नाही पडायची काकू. रॅक पडतो का ते बघतेय."

"आन् पडला म्हंजी?"

"म्हणजे त्याचं चित्र लावणार नाही."

त्या पाटावर बसल्या, जाराकडे बघत. "म्हंजी तू इकत बी न्हाई आन् घेत बी न्हाई. मग हाईस कोन तू?"

म्हटलं, "तपासणारी."

"व्हय? मग तो जिन्यातला कठडा बी बघ जरा. सोपानरावास्नी दोन वर्सं सांगतीय, हलतोय म्हून."

आत्या, जार दोन दिवस टांगलेला होता. मग माझं जुनं व्हर्नियर काढून पत्र्याची जाडी मोजली. एक पॉइंट दोन मिलिमीटर. ती जाडी, भोकांमधलं अंतर, सगळं मी चित्राखाली लिहिते. आणि शेवटची ओळ प्रत्येक चित्राखाली हीच असते : "या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं." रुमाल मी कधीच घातला नाही.

आत्तापर्यंत एकवीस वस्तू मागवल्या. त्यातल्या नऊ नापास केल्या. त्या नवांचं चित्र कुठेच नाही.

जिन्यातला कठडा खरंच हलत होता. त्यांच्या यजमानांना, सोपानरावांना, दोन नट बदलायला लावले.

तुझी विजू

---

उमरगा,
१९ ऑगस्ट २०२४

विजू,

महिनाभर चित्रं टेबलावर पडून होती. मी त्यांच्याकडे पाठ करून बसायची. परवा लाइट गेले, टीव्ही बंद, करायला काही नव्हतं, म्हणून खिडकीशी बसून बघितली.

चौतीस वर्षं मी पहिली-दुसरीच्या वर्गासाठी तक्ते केले. म्हणून सांगते, तुझी चित्रं वाचता येत नाहीत. एका चित्रात आठ बाण, पाच रंग आणि खाली मुंग्यांसारखी अक्षरं. पोरगं तक्त्यापुढे किती वेळ उभं राहतं? पाणी प्यायला जाता-जाता बघतं. तुझ्या बायकाही बोटाने चित्रं सरकवत जात असणार. मागच्या बाकावरच्या पोरीला दिसलं पाहिजे, असं धरून चाल.

एका तक्त्यात एकच गोष्ट. रॅक असेल तर रॅक, मागची कॅलेंडरं आणि टॉवेल काढ. एकच माप मोठ्या अक्षरांत लिही, बाकीची खाली. पिवळ्यावर पांढरं लिहू नकोस, उन्हात दिसत नाही. माप सांगताना शेजारी ओळखीची वस्तू ठेव. चौदा इंच म्हणजे किती ते बाईला कळत नाही, पण शेजारी स्टीलची कळशी असली की लगेच कळतं.

आणि ती शेवटची ओळ, कमिशनची. ती मोठी कर. लाजायचं कशाला? लिहिलं आहेस तर दिसू दे.

तनुजाला डिप्लोमाला प्रवेश मिळाला. मी अंबूबाईला खरं ते सांगितलं. म्हटलं, भाची आता घरबसल्या माल तपासते, नऊ वस्तू नापास केल्या तिने. अंबूबाई म्हणाली, "मग पगार कोण देतं?" म्हटलं, ते मला नीट समजलेलं नाही, पण काम समजलंय.

तुझी आत्या

---

मोशी,
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र भिंतीला चिकटवलंय, ओट्यासमोर. सगळी जुनी चित्रं नव्याने केली. कॅलेंडर काढलं, टॉवेल काढला, शेजारी कळशी ठेवली. निरंजन म्हणाला, "आता कळशी कुठून घेतली असं विचारणारे येतील." खरंच आले!

आधी महिन्यात दोनशे-तीनशे लोक चित्रांवरून दुकानात जायचे. आता दिवसाला तेवढे जातात. पिंटरेस्टची एक गंमत आहे. बाकी ठिकाणी आज टाकलेलं उद्या शिळं होतं. इथे चित्र दोन-दोन महिने नुसतं पडून असतं आणि मग अचानक लोकांना सापडायला लागतं. म्हणून दिवाळीच्या आवराआवरीची चित्रं मी पोळ्याच्या आधीच लावून ठेवली होती. ती आता उठली आहेत. रॅकचं चित्र तर चाळीस हजार लोकांनी जपून ठेवलंय. नागपूर, हुबळी, रायपूर, कुठून कुठून विचारतात. एकीने आपल्या भिंतीचा फोटो पाठवून विचारलं, इथे भोक पाडलं तर आतली वायर कापली जाईल का. म्हटलं, स्विचच्या सरळ वर पाडू नका.

निरंजनच्या कंपनीतल्या कँटीनमध्ये त्याच्या सुपरवायझरने विचारलं, "ते मोजून-मापून तुझ्या मिसेसचं का रे? आमच्याकडे रॅक तिच्यामुळेच आलाय." घरी आला तोच छाती फुगवून. मला सांगताना दोनदा सांगितलं.

आणि कमिशनची ओळ मोठी केली. घेणारे कमी झाले नाहीत, वाढले.

तुझी विजू

---

उमरगा,
६ नोव्हेंबर २०२४

चि. विजू,

अक्षर माझं नाही, तनुजाचं आहे. तिला दिवाळीची सुट्टी आहे. माझा उजवा हात मनगटात मुरगळलाय. उंबऱ्यात पाय अडखळला. डॉक्टरने पट्टी बांधली आहे, काळजीचं काही नाही. तू धावत येऊ नकोस.

दिवाळी चांगली झाली. तनुजा तुझी चित्रं फोनवर दाखवते. चांगली दिसतात. सगळ्यांना सांगते मी.

आत्या

---

मोशी,
२४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तुझा हात कसा आहे? तू येऊ नकोस म्हटलंस म्हणून आले नाही, आणि खरं सांगायचं तर इथे असं काही घडलं की पंधरा दिवस माझं कशातच लक्ष नव्हतं.

निघोज्याहून स्वरूपा नावाच्या बाईचा मेसेज आला. एकच ओळ : "ताई, तुमच्या चित्रातला रॅक पडला." खाली फोटो. फरशीवर तेल, फुटलेल्या बरण्या आणि मधोमध रॅक. मी निरंजनला सुट्टी घ्यायला लावली आणि दोघं गाडीवरून तिच्याकडे गेलो. कंपनीत काम करणाऱ्यांच्या खोल्या असतात तशी एक खोली. स्वरूपा माझ्याहून लहान. रागावली नव्हती, त्याचंच जास्त लागलं. म्हणाली, "दुपारी पडला. पाच मिनिटं आधी पोरगी तिथंच पीठ सांडून खेळत होती. मी तिला अंघोळीला नेलं म्हणून."

रॅक हातात घेतला आणि मला कळलं. हाताला हलका लागला. पिशवीतून व्हर्नियर काढलं. पत्रा पॉइंट आठ मिलिमीटर. मी तपासला तो एक पॉइंट दोन होता. स्क्रू जागेवरच होते, पत्रा फाटून बाहेर आला होता. रंग तोच, डबा तोच, नाव तेच, माल दुसरा. म्हटलं, "स्वरूपा, चूक माझीही आहे. मी एक रॅक तपासला आणि हजारोंना सांगितलं. पुढचा लॉट बघितलाच नाही."

घरी येऊन रॅकवाल्या कंपनीला फोन लावला. माणूस गोड बोलणारा.

"मॅडम, एवढ्या मालात एखाददुसरा पीस खराब निघतोच."

"पीस खराब नाही. पत्रा पातळ केलाय तुम्ही."

"ते प्रॉडक्शनवाल्यांना माहीत. तुम्ही चित्र राहू द्या. आत्ता सीझन आहे, तुमचं कमिशन आम्ही दुप्पट करतो."

"एक पॉइंट दोनचा पॉइंट आठ झालाय."

"मॅडम, तुम्ही पत्रा मोजता?"

"मग मी करते काय, असं वाटलं तुम्हाला?"

फोन ठेवला आणि ते चित्र उघडून बसले. हेच चित्र माझं सगळ्यात जास्त चालणारं. लोक मला त्याच्यामुळे ओळखतात. ते काढायचं तर गुपचूप काढता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. मी निरंजनला तसं म्हणाले. तो स्वरूपाच्या घरून आणलेल्या रॅकची फाटलेली कड बोटाने चाचपत होता.

"लाइनवर असतीस तर काय केलं असतंस?"

"लॉट थांबवला असता. लाल चिठ्ठी लावली असती."

"मग लाव की."

मी चित्र काढलं. पण लोकांनी जपून ठेवलेल्या प्रती तशाच राहतात, त्या माझ्या हातात नाहीत. बरं एवढंच की सगळ्या प्रती आधी माझ्या पानावर येतात. त्या पानावरून दुकानाची लिंक काढली आणि तिथे नवीन चित्र लावलं. तू शिकवलंस तसं, एकच गोष्ट. फाटलेला पत्रा, त्यावर कंपनीत लावायचो तशी लाल चिठ्ठी, आणि मोठ्या अक्षरांत : "हा मी सुचवला होता. आता घेऊ नका. लावला असेल तर उतरवा." खाली दोन्ही जाड्या. माझं पूर्ण नाव. ज्यांनी ज्यांनी मला मेसेज केला होता त्या तीनशे बारा जणींना एकेक करून कळवलं.

तू म्हणाली होतीस, बैल लंगडा निघाला तरी दलालाचं काही जात नाही. माझं जाईल बहुतेक. पण आत्या, चित्र लावून झाल्यावर मी आरशात बघितलं आणि मला स्वतःचा चेहरा आवडला. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच.

तुझी विजू

---

उमरगा,
५ डिसेंबर २०२४

माझ्या विजू,

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. हे पत्र दुसऱ्या कुणाकडून लिहून घेण्यासारखं नाही.

मी उंबऱ्यात पडले नव्हते. ऑक्टोबरात तनुजाकडून तुझ्या चित्रावरून मी तोच रॅक मागवला. तुला कळू नये असं बजावलं, कारण तू मग फुकट पाठवला असतास, आणि मला तर तुझ्या लिंकवरूनच घ्यायचा होता. भिंतीवर लावला, त्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या आणि गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवला. म्हटलं, माझ्या विजूने तपासलेला आहे, वीस किलो टांगून. दोघींनी लगेच मागवला. दिवाळीच्या दोन दिवस आधी मी बरणी काढायला हात घातला आणि सगळा रॅक मनगटावर आला.

आणि मग मी काय केलं? तनुजा यायच्या आत रॅक खाटेखाली सरकवला, वर पोतं टाकलं आणि सगळ्यांना उंबऱ्याचं सांगितलं. तुझं नाव खाली पडू नये म्हणून. महिना झाला. त्या दोघींच्या भिंतींवर रॅक तसाच होता, एकीच्या तर पाळण्याच्या बाजूला. रोज वाटायचं, आज सांगू. रोज वाटायचं, त्यांचा कशाला पडेल.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. सात महिने लपवलंस म्हणून तुला केवढी बोलले होते मी! तू तर चाळीस हजारांपुढे उभी राहिलीस आणि मला दोन घरांत जाववेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात गळ्यात अडकवून निघाले. तुझं नवीन चित्र तनुजाने छापून दिलं होतं, ते बरोबर घेतलं. दोन्ही घरांतले रॅक माझ्यासमोर उतरवायला लावले. दुसऱ्या घरची सून म्हणाली, "बाई, तुमच्याच भाचीने सांगितला होता ना हा?" गल्लीत चार माणसं उभी होती. मी म्हटलं, "होय. आणि काढा म्हणून सांगणारीही तीच. ज्याने बनवला त्याने सांगितलं का तुम्हाला?" माझा आवाज मला नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मी किती मोठ्याने बोलले देवाला ठाऊक. पण तिसऱ्या घरापर्यंत गेला म्हणतात.

तुला दलाल म्हटलं ते मी मागे घेते. तोंडाने म्हणून भागणार नाही, म्हणून लिहून देते.

तुझीच आत्या

---

मोशी,
१६ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग तुझ्यावर चिडले, मग निरंजनला पूर्ण वाचून दाखवलं. मी येऊन तुझं मनगट बघून गेले तरी लिहायचं ते राहिलंच होतं. तुझ्यासमोर बोलताना अर्धं तुला ऐकू येत नाही आणि अर्धं मला सांगता येत नाही. म्हणून आता निवांत लिहिते.

डिसेंबर वाईट गेला. माझ्या चित्रांवरून जाणारे लोक निम्म्यावर आले. त्या कंपनीने मला यादीतून काढलं, आणखी दोघांनी "सध्या नको" म्हणून कळवलं. मी रोज नवीन वस्तू मागवायची, मोजायची, चित्र लावायची. चित्र तिथेच पडून राहायचं.

जानेवारीत लाल चिठ्ठीचं चित्र उठलं. लोक त्या रॅकचं नाव लिहून शोधायचे आणि पहिलं माझंच चित्र समोर यायचं. ज्यांच्याकडे रॅक पडला होता त्या सगळ्या एकेक करून बोलायला लागल्या. पन्नासेक जणींनी आपले फोटो पाठवले. कंपनीला तो माल परत घ्यावा लागला. आणि लाल चिठ्ठी बघायला आलेले लोक माझी बाकीची चित्रं बघत बसले. आता दिवाळीत येत होते त्याच्या दीडपट येतात. वर्ध्याच्या एकीने लिहिलं, "जी घेऊ नका म्हणते, तिने घ्या म्हटलं की मी डोळे मिटून घेते." मी तिला लिहिलं, डोळे मिटू नका, टेप घ्या.

आता मुख्य सांगायचं ते. भोसरीत रोहिदासभाऊंचं छोटं वर्कशॉप आहे. कंपन्यांच्या गोदामांसाठी लोखंडी मांडण्या करतात. ते माझं लाल चिठ्ठीचं चित्र घेऊनच घरी आले.

"मॅडम, मी घरगुती रॅक काढतोय. तुमच्या पानावर लावा, काय असंल ते कमिशन घ्या."

"आधी रॅक द्या."

पहिल्या रॅकचा कोपरा जार टांगल्यावर दोन तासांत तडकला. परत पाठवला. दुसऱ्याची भोकं एका रेषेत नव्हती. तोही परत. मला वाटलं, आता हे काही येत नाहीत. तर त्यांचा फोन, "मॅडम, राव, तुम्ही इथंच या. आमच्या चिमाजींना समजावा. ते मला ऐकत नाहीत."

चिमाजी त्यांचे वेल्डर. साठीचे असतील. मला बघून त्यांनी चेहऱ्यावरची काच वर केली.

"चाळीस वर्सं झाली ह्या हातानं जोड मारतोय. आता बाई तपासणार व्हय?"

नापास झालेला रॅक त्यांच्या हातात दिला, तडकलेल्या कोपऱ्याला बोट लावून. त्यांनी उजेडात धरला. बराच वेळ बघितला. मग हातोडा घेतला आणि स्वतःच तो जोड फोडला. आतून पोकळ होता.

"घाईचं काम हाय ह्ये," रोहिदासभाऊंकडे बघून म्हणाले. "दिवसाला साठ मागता तुमी. चाळीस मागा, मग बगा." मग माझ्याकडे वळले. "थांबा बाई."

माझ्यासमोर नवीन कोपरा बांधला. घाई नाही. थंड होऊ दिला, ब्रश मारला, फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला, बाळ द्यावं तसा. भोकं बघितली, पत्रा मोजला. मग तिथेच भिंतीला लावून जार टांगला आणि वर चिमाजींनी आपल्या हाताने दुसरा जार टांगला. चाळीस किलो. "ऱ्हाऊ द्या आठवडाभर," म्हणाले.

आठवडाभर राहिला, आत्या. मी दोनदा जाऊन बघून आले. रोहिदासभाऊंशी ठरलंय ते इतकंच : दिवसाला चाळीसच काढायचे, प्रत्येक लॉट निघायच्या आधी मी येऊन बघणार, आणि ज्या लॉटला माझा हात लागला नाही त्याचं चित्र दिसणार नाही. त्यांनी एका शब्दाने घासाघीस केली नाही.

चित्र काढायच्या दिवशी मी कळशी वगैरे घेऊन गेले होते. चिमाजी मागे उभे. माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "बाई, जोड फोटूत दिसंल का?"

मी कळशी बाजूला ठेवली, गुडघ्यावर बसले आणि नुसत्या त्या कोपऱ्याचा फोटो काढला. माशाच्या खवल्यासारखा एकसारखा जोड. त्यावर एवढंच लिहिलं : "असा जोड बघून घ्या."

ते चित्र कसलीही वाट न बघता आठवड्यात उठलं. काल लॉट बघायला गेले तेव्हा फोन चिमाजींपुढे धरला. खाली सिलचरच्या एका माणसाने विचारलं होतं, तोही वेल्डर असावा : हा जोड कुणी मारलाय?

"सिलचर कुठं आलं?"

"आसामात."

त्यांनी हातमोजे काढले, चष्मा शोधला, फोन हातात घेऊन ती ओळ स्वतः बघितली. भाषा इंग्रजी होती, तरी बघितली. मशीन चालू होत्या, तरी शेजारच्याला हाक मारून बोलावलं.

"काय उत्तर लिहू?" मी विचारलं.

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि चेहऱ्यावर काच ओढून घेतली.

"लिवा की. भोसरीच्या चिमाजीनं."

तुझी विजू